दगडखाण, क्रशर आणि खाणीलगतची वस्ती: तक्रार पुराव्यानिशी कशी मांडायची?

डोंगरपायथा यांचा प्रश्न:

शिळफाटा-महापे पट्ट्यातल्या डोंगरावर दोन दगडखाणी चालू आहेत, खाली एक क्रशर (दगड फोडून खडी करणारं यंत्र) आहे आणि बाजूला सोडून दिलेली जुनी खाण पाण्याने भरून पडली आहे. दोन चालू खाणींमधलं अंतर ४०० मीटरच्या आत. सुरुंगाच्या जागेपासून सगळ्यात जवळची घरं १८० मीटरवर, गावठाण ३५० मीटरवर. खाणीच्याच जागेत पत्र्याच्या झोपड्यांमधून पस्तीसेक मजूर कुटुंबं राहतात.

त्रास असा: दुपारी सुरुंग उडाला की फडताळातली भांडी वाजतात. तीन घरांच्या भिंतींना तडे आहेत. ऑक्टोबर ते मार्च ओटीवर, टाकीच्या झाकणावर, आंब्याच्या पानांवर राखाडी धूळ बसते. दोन विहिरी पूर्वीपेक्षा महिनाभर आधी तळ गाठतात. तीन अर्ज झाले, उत्तर तिन्ही वेळा तेच: "मोजमाप मर्यादेत आहे."

तेव्हा कुठल्या कार्यालयात काय मागायचं? हादरा आणि धूळ सिद्ध कशी करायची, आणि ऑनलाइन मिळणारा धुळीचा सेन्सर चालतो का? गावात खाण बंद करा असा सूर आहे, पण बंद झाली तर त्या पस्तीस कुटुंबांचं काय, हेही कुणी अनुभवी माणसाने सांगावं.

सातबारा_नकाशा यांचं उत्तर:

आधी हद्द पक्की करा. अर्ज भरकटतो तो इथेच. नवी मुंबई म्हणून आपण एक शहर समजतो, पण दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात आणि खारघर, उलवे, पनवेलचा भाग रायगड जिल्ह्यात. गौण खनिजाचा (दगड, वाळू, मुरूम वगैरेंचा) विषय महापालिकेचा नसून जिल्हाधिकाऱ्यांचा असतो. तुमच्या पट्ट्यासाठी ठाण्याचे जिल्हाधिकारी आणि ठाण्याचे तहसीलदार. जमीन खाजगी, सरकारी, सिडकोची की वनखात्याची हे सातबाऱ्यावर बघा, कारण वनजमीन निघाली तर सगळा रस्ताच बदलतो.

आता "मोजमाप मर्यादेत आहे" याबद्दल. मर्यादा कुठली, मोजलं कुणी, कुठे, कधी? हे कागदावर आल्याशिवाय त्या वाक्याला उत्तर देता येत नाही. म्हणून चौथा तक्रार अर्ज करण्याआधी माहिती अधिकारात अर्ज टाका. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. खाणीचा पट्टा (खाणकामासाठीचा भाडेपट्टा) किंवा परवाना आदेश, हद्दीचे अक्षांश-रेखांश असलेला नकाशा, मंजूर खाण आराखडा, पर्यावरण मंजुरीचं पत्र अटींसह, गेल्या तीन वर्षांचे सहामाही अनुपालन अहवाल (अटी पाळल्याचे अहवाल), प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र आणि रॉयल्टी भरल्याची चलनं, इतकं मागा. "सर्व कागदपत्रे द्यावीत" असं मोघम लिहिलं की "माहिती विस्तृत स्वरूपाची आहे" असं उत्तर येतं.

पर्यावरण मंजुरी हा यातला सगळ्यात कामाचा कागद. लहान खाणीला ती लागत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ हेक्टरांखालच्या गौण खनिज पट्ट्यांनाही ती बंधनकारक केली. मंजुरी आणि अटी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर शोधता येतात. सहामाही अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. पुष्कळ ठिकाणी तो दिलेलाच नसतो, किंवा आधीच्याच अहवालाची तारीख बदललेली असते. न दिलेला अहवाल हेच अटीचं उल्लंघन आहे. ते सिद्ध करायला तुम्हाला कुठलंही यंत्र लागत नाही.

तुमच्या प्रश्नात एक ओळ फार मोलाची आहे: दोन खाणींमधलं अंतर ४०० मीटरच्या आत. १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेनुसार एकाच प्रकारच्या खनिजाच्या दोन पट्ट्यांच्या कडांमधलं अंतर ५०० मीटरपेक्षा कमी असेल तर ते एक समूह धरले जातात. समूहाचं एकूण क्षेत्र ५ हेक्टरांवर गेलं तर पर्यावरण आघाताचा अभ्यास आणि जनसुनावणी लागते. दोन पट्टे प्रत्येकी साडेचार हेक्टरांचे दाखवून सुनावणी टाळली आहे का, हे नकाशे शेजारी ठेवूनच कळेल.

सुरुंग_आणि_बेंच यांचं उत्तर:

हादऱ्याबद्दल लिहितो. काही गोष्टी गावाला आवडणार नाहीत, पण त्या आत्ताच कळलेल्या बऱ्या, समोरच्या वकिलाकडून कळण्यापेक्षा.

हादरा मोजतात तो जमिनीच्या कणांच्या कमाल वेगाने, मिलिमीटर प्रति सेकंदात. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या ७ क्रमांकाच्या तांत्रिक परिपत्रकाप्रमाणे, खाणमालकाच्या नसलेल्या साध्या घरांसाठी मर्यादा अशी: कंपनाची वारंवारता ८ हर्ट्झच्या खाली असेल तर ५ मिमी, ८ ते २५ हर्ट्झ असेल तर १० मिमी, २५ च्या वर असेल तर १५ मिमी. म्हणजे नुसता वेग सांगून अहवाल पूर्ण होत नाही. वारंवारता लिहिलेली नसेल तर "मर्यादेत" हा शब्द निराधार आहे. अहवालात पहिल्यांदा हेच बघा.

हादरा किती येणार ते एकूण दारूवर, म्हणजे स्फोटकांवर ठरत नाही. एका क्षणात, म्हणजे एका विलंबात किती किलो उडते, त्यावर ठरतं. अंतराला त्या किलोच्या वर्गमुळाने भागायचं. सरासरी खडकाच्या अंदाजासाठी ११४० आणि १.६ हे स्थिरांक वापरतात: त्या भागाकाराचा १.६ वा घात काढून ११४० ला त्याने भागायचं. ते धरले तर १८० मीटरवर एका विलंबात १०० किलो उडवल्यास सुमारे ११ मिमी येतो, २५ किलो उडवल्यास पावणेचारच्या आसपास. तुमच्या ३५० मीटरवरच्या गावठाणात मात्र १०० किलोलाही चारच्या खालीच राहील. दारू तीच, भोकं तीच, पण सगळी एकदम उडवली की मधे काही मिलिसेकंदांचा विलंब देऊन उडवली, यात जवळच्या घरांचं भवितव्य आहे. अंतर निम्मं झालं तर एका विलंबातली दारू चौथाई करावी लागते. खाण गावाकडे सरकत येते तेव्हा जुनीच पद्धत चालू ठेवली जाते आणि बिघाड तिथे होतो.

भांडी वाजतात ती बहुतेक वेळा जमिनीतल्या हादऱ्याने नाही, हवेच्या दाबाच्या लाटेने. दोन कारणं नेहमीची. एक, भोकांची जोडणी जमिनीवर उघड्या स्फोटक दोरीने केलेली असते. तिच्याऐवजी नॉनेल नळी (स्फोटाचा इशारा आतल्या आत नेणारी प्लास्टिकची नळी) वापरली तर आवाज खूप उतरतो. दुसरं, मोठ्या सुरुंगातून निघालेले अवजड दगड फोडायला त्यांच्यावर दारू थापून पुन्हा छोटे सुरुंग लावतात. आवाज आणि उडणारे दगड दोन्ही यातूनच सर्वाधिक. हे काम पोकलेनला लावलेल्या हायड्रॉलिक ब्रेकरने होतं, दारू लागतच नाही. दुय्यम सुरुंग बंद करून ब्रेकर वापरा, ही मागणी अर्जात घाला. ती मान्य करायला खाणवाल्यालाही फारसा त्रास नसतो.

दगड उडण्याचं कारण भोकाच्या तोंडाशी. ११० मिमी भोकाला वर साधारण अडीच मीटर बारीक टोकदार खडी ठासून भरायला हवी. वेळ वाचवायला भोकातून निघालेली भुकटीच वर ढकलतात. ती पिचकारीसारखी बाहेर फेकली जाते आणि मागून दगड येतो. अंतराबद्दल: केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये वस्तीपासून किमान अंतर सुरुंग असेल तर २०० मीटर आणि नसेल तर १०० मीटर सुचवलं. तुमची पहिली घरं १८० वर आहेत. ते अंतर टेपने किंवा फोनच्या अंदाजाने न देता भूमी अभिलेखच्या मोजणीने सिद्ध करा.

तड्यांचं. दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यातून निघालेले तिरके तडे हादऱ्याने येऊ शकतात, पाया खचल्यानेही येतात. जुने की नवे ते नुसत्या फोटोवरून कुणी सांगू शकत नाही. तड्यावर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि वर तारीख लिहा. तडा हलला तर काच तडकते. प्रत्येक घरात दोन पट्ट्या, आणि खाणीपासून दूरच्या एका घरातही दोन. दूरच्या पट्ट्या शाबूत आणि जवळच्या तडकल्या, तर पंचनाम्यात ते ठळक दिसतं. सोबत सुरुंगाची वही ठेवा: तारीख, वेळ, किती धमाके, दुय्यम सुरुंग होते का.

डोंगरपायथा:

खूप उपयोगी. एक शंका: संयुक्त मोजणीला अधिकारी येतात त्या दिवशी सुरुंग लहान लावतात, मग काय करायचं?

सुरुंग_आणि_बेंच:

मोजणीच्या अहवालात त्या दिवशी किती भोकं, प्रत्येकात किती किलो आणि एका विलंबात किती किलो, हे लिहायला लावा. मग खाणीच्या स्फोटक नोंदवहीतून आधीच्या दोन महिन्यांचा वापर मागा. रोज ४०० किलो जात असतील आणि मोजणीच्या दिवशी ६० गेले असतील, तर ते मोजमाप प्रातिनिधिक नाही हे आकडेच सांगतात. यंत्र घरात फरशीवर ठेवू देऊ नका. खाणीकडच्या बाजूला, पायालगतच्या घट्ट जमिनीत त्याचे खिळे रुतलेले हवेत. फरशी स्वतः कंप पावते आणि आकडा दोन्ही दिशांनी चुकतो.

आणखी एक, मजुरांसाठीही महत्त्वाचं. बांधकामाच्या दगडाच्या लहान खाणी खाण कायदा १९५२ मधून सुटतात, पण तीन अटी एकत्र पाळल्या तरच: खोली ६ मीटरपेक्षा जास्त नाही, एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसं नाहीत आणि स्फोटकं वापरलेली नाहीत. सुरुंग लागला की सूट गेली. म्हणजे प्रमाणपत्रधारक सुरुंगवाला, खाण व्यवस्थापक, अपघाताची नोंद, १८ वर्षांखालच्या कुणालाही कामाला बंदी, पिण्याचं पाणी, संडास, प्रथमोपचार, सगळं आलं. नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत गेला आहे, तेव्हा नव्या अर्जात संहितेचा उल्लेख करा. मागच्या वर्षांतल्या उल्लंघनांना जुना कायदा.

वाऱ्याची_दिशा यांचं उत्तर:

धुळीसाठी दोन वेगळी मापं आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. वस्तीतल्या हवेचं राष्ट्रीय मानक: पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) साठी २४ तासांची सरासरी १०० आणि पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे) साठी ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. क्रशरचं मानक निराळं: क्रशरपासून ४० मीटरवर तरंगत्या धुळीत क्रशरने घातलेली भर ६०० मायक्रोग्रॅमच्या आत, आणि हे मोजमाप बाराही महिने, महिन्यातून किमान दोनदा. 'भर' या शब्दावर बोट ठेवा. भर काढायची तर वारा येतो त्या बाजूला एक नमुना आणि वारा जातो त्या बाजूला एक, आणि दोन्हींतला फरक. एकाच जागचा नमुना घेऊन "६०० च्या आत" लिहिलं असेल तर मोजणीच अपुरी आहे. वर्षाला २४ मोजण्यांचे अहवालही मागा.

वाऱ्यावरून एक. आपल्याकडे हिवाळ्यात दुपारनंतर खाडीकडून पश्चिम-वायव्येचा वारा येतो, पहाटे जमिनीकडून मंद वारा असतो किंवा हवा ठप्प असते. वस्ती क्रशरच्या पूर्वेला असेल तर दुपारचा त्रास जास्त, पश्चिमेला असेल तर पहाटेचा. क्रशर रात्री चालतो का ते बघा, कारण ठप्प हवेत रात्रीची धूळ सकाळपर्यंत खाली साचून राहते. नमुना सकाळी ११ ला चार तास घेऊन हे कधीच पकडलं जात नाही, पूर्ण २४ तासांचा आग्रह धरा.

स्वस्त सेन्सरबद्दल स्पष्ट सांगते. त्यात लेझर असतो आणि तो बारीक कण बरे मोजतो. खाणीची धूळ बहुतांश भरड असते. ती त्याला नीट दिसत नाही, त्यामुळे पीएम १० चा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. उलट पावसाळ्यात किंवा पहाटेच्या धुक्यात हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की तो ओल्या कणांना फुगवून दाखवतो. न्यायालयात हा आकडा टिकणार नाही. तरी घ्या, कारण धूळ नेमकी कुठल्या तासाला चढते ते त्यातून कळतं आणि अधिकृत नमुना कधी घ्यायचा ते सांगता येतं. दोन एकसारखे सेन्सर घ्या आणि आधी आठवडाभर शेजारी-शेजारी ठेवून आकडे जुळतात का बघा. मग एक वस्तीत, एक दूर.

खटल्यासाठी चालणारा नमुना हवा कायद्याच्या २६ व्या कलमाप्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्यानेच, मालकाला नोटीस देऊन घ्यायचा असतो. त्यामुळे आपल्या नोंदींचा उपयोग मंडळाला तिथे आणण्यासाठी आहे, मंडळाच्या नमुन्याच्या जागी नाही.

आता क्रशरमध्ये काय बघायचं. पाण्याचे फवारे जॉ क्रशरच्या (दगड प्रथम फोडणाऱ्या यंत्राच्या) तोंडाशी, कोन क्रशरच्या (तो आणखी बारीक करणाऱ्या यंत्राच्या) बाहेर, चाळणीवर आणि वाहक पट्ट्यावरून माल पडतो तिथे हवेत. शिवाय चाळणीला पत्र्याचं झाकण, वारा अडवणारी भिंत, आतला रस्ता डांबरी किंवा काँक्रीटचा, कडेने झाडांची रांग. हे सगळं क्रशरच्या नियमांतच आहे. फवारे लावलेले असतात, पण बंद असतात. कारण साधं आहे: बोअरच्या गाळमिश्रित पाण्याने तोट्या बुजतात आणि ओली डस्ट (दगडाची भुकटी) चाळणीच्या जाळीत चिकटून उत्पादन उतरतं. म्हणून चालक फवारा दगड घालताना बंद करतो आणि तपासणीला चालू. टाकीला गाळणी, बारीक धुके उडवणाऱ्या तोट्या आणि महिन्याला किती टँकर पाणी लागलं त्याच्या पावत्या, या तीन गोष्टी मागितल्या की खरं चित्र दिसतं. पाण्याच्या पावत्या नसतील तर फवारे चालल्याचा पुरावा नाही.

आणि रस्ता विसरू नका. कितीतरी ठिकाणी वस्तीला क्रशरपेक्षा डंपरची धूळ जास्त लागते. ताडपत्री, चाकं धुण्याची जागा, भरावाची पातळी फाळक्याच्या खाली. हे वाहतूक पोलिसांकडूनही होतं, त्याला मंडळाची वाट बघायला नको.

खडक_आणि_पाणी:

आमचा सह्याद्रीचा खडक काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. त्यात सिलिका बरीच असली तरी ती खनिजांत बांधलेली असते. मोकळं क्वार्ट्झ फार थोडं, पोकळ्यांत भरलेल्या गारगोटीपुरतं. म्हणून राजस्थानच्या वालुकाश्म खाणींसारखा सिलिकोसिस (मोकळ्या सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग) इथे सर्रास दिसत नाही. "सिलिकोसिसने गाव मेलं" असं अर्जात लिहू नका, समोरचा एका चाचणीत ते खोडेल. बारीक धूळ दम्याला, खोकल्याला, हृदयाला घातकच आहे, ते तेवढंच लिहा. मात्र मजुरांपैकी कुणी पूर्वी ग्रॅनाइट किंवा वालुकाश्मात भोकं पाडली असतील तर त्यांची गोष्ट निराळी. त्यांना छातीचा एक्स-रे आणि श्वासचाचणी हवी, आणि डॉक्टरला कामाचा पूर्वेतिहास सांगितलाच पाहिजे. नाहीतर सिलिकोसिसला क्षय समजून वर्षानुवर्षं नुसती क्षयाची औषधं चालतात.

विहिरींचं. बेसॉल्टमध्ये पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असतं. खाणीने ती भेग कापली की विहिरीकडे जाणारं पाणी खाणीत उतरतं. विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि तिथून पाण्यापर्यंतचं अंतर आठवड्यातून एकदा, सकाळी पंप लावण्याआधी मोजा. दोनेक किलोमीटरवरची, साधारण त्याच उंचीवरची एक विहीरही मोजा. पाऊस कमी झाला असेल तर दोन्ही उतरतील. एकच उतरली तर बोलण्यासारखं आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते, त्या नोंदी मागा. पर्यावरण मंजुरीत बहुधा भूजलपातळी छेदू नये अशी अट असते. खाणीतून उन्हाळ्यातही पंपाने पाणी उपसताना दिसलं की व्हिडिओ घ्या.

सोडून दिलेल्या खाणीसाठी थांबू नका, मुलं पोहायला जातात ती तिथेच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमाखाली, म्हणजे जुन्या १३३ खाली, उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. लोकांच्या वाटेलगतच्या खड्ड्याला कुंपण घालण्याचा आदेश त्या कलमात नावानिशी आहे. वकील लागत नाही आणि हा सगळ्यात लवकर निकाली निघणारा अर्ज आहे.

उचल_आणि_हजेरी यांचं उत्तर:

मजुरांबद्दल कुणीतरी विचारलं हे बरं झालं. सर्वाधिक धूळ त्यांच्या छातीत जाते आणि तक्रारीच्या कागदावर त्यांचं नाव नसतं. दगडकाम पिढ्यान्‌पिढ्या वडार समाजाने केलं. आता मराठवाड्यातून, कर्नाटकातून आलेली कुटुंबंही आहेत. मजुरी ब्रासवर (दगड मोजायच्या मापावर), हिशेब मुकादमाकडे आणि वर्षाच्या सुरुवातीला घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम. उचल फिटेपर्यंत खाण सोडता येत नसेल तर ती १९७६ च्या कायद्याखाली वेठबिगारी आहे, मग तिला कुणी अ‍ॅडव्हान्स म्हणो. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात किमान वेतनापेक्षा कमी मजुरी हेही सक्तीचं काम ठरवलं. पुढच्याच वर्षी बंधुआ मुक्ती मोर्चाचा निकाल आला, तो फरीदाबादच्या दगडखाणींवरूनच.

अर्जाआधी त्यांच्याशी बोला, आणि मुकादमासमोर नको. विचारा: उचल किती, कुठल्या वहीत, दर ब्रासला काय, आठ तासांत एक माणूस किती ब्रास फोडतो. दर आणि काम यांचा गुणाकार करून तो दिवसाच्या किमान वेतनाशी ताडून बघा. पाच मिनिटांत कळतं. वेठबिगारी दिसली तर जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी मुक्ततेचा दाखला देतात आणि तातडीची मदत मिळते. पुढची केंद्राची रक्कम पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख, अतिशोषणाच्या प्रकरणात ३ लाख. पण ती खटल्याच्या निकालाशी जोडलेली असल्याने फार उशिरा येते. दाखला आधी पदरात पाडा.

खाण अचानक बंद झाली की काय होतं? वीज आणि टँकर खाणवाल्याचे, ते दुसऱ्या दिवशी थांबतात. झोपडी खाणपट्ट्याच्या जागेवर, म्हणून पत्त्याचा पुरावा नाही. मुलांची शाळा वर्षाच्या मध्यात सुटते. म्हणून बंदीची मागणी करण्यापूर्वी शिधापत्रिका, मतदार नोंदणी आणि मुलांचे शाळेचे दाखले यांचं शिबिर तहसीलमार्फत लावून घ्या. गावाने मागितलं तर लागतं.

पैसा कुठून, तर जिल्हा खनिज प्रतिष्ठान. रॉयल्टीच्या १० टक्के रक्कम त्यात जमा होते आणि ती खाणबाधितांच्या पिण्याच्या पाण्यावर, आरोग्यावर, शिक्षणावर खर्च व्हायची असते. ती रस्त्यांच्या कामांकडे वळते, कारण बाधित लोक प्रस्तावच देत नाहीत. मजूर वस्तीसाठी फिरता दवाखाना आणि नळ, एवढा दोन पानी प्रस्ताव ग्रामस्थांच्या सह्यांनी द्या.

सातबारा_नकाशा:

वरच्या मुद्द्याला जोडून खोदकामाचा हिशेब देतो, कारण याला महसूल खातं सगळ्यात लवकर हलतं. खड्ड्याची लांबी, रुंदी, सरासरी खोली काढा. समजा ६० गुणिले ४० गुणिले १२ मीटर, म्हणजे २८,८०० घनमीटर. एक ब्रास १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. भागलं की अखंड खडकाचे सुमारे १०,१७७ ब्रास. फोडल्यावर दगड दीडपटीच्या आसपास फुगतो, म्हणजे १५,००० ब्रास माल. ब्रासला ६०० रुपयांनी रॉयल्टी ९० लाख, खनिज प्रतिष्ठानचे ९ लाख. आता माहिती अधिकारातली चलनं बेरजेला घ्या. ती ५,००० ब्रासची निघाली तर ईटीएस यंत्राने (जमीन मोजणीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्राने) किंवा ड्रोनने फेरमोजणीची मागणी करा. जमीन महसूल संहितेच्या ४८(७) खाली दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जातो. पट्टा मिळण्याआधीचा जुना खड्डा त्यात धरू नका, जुनी उपग्रह चित्रं बघून तेवढा वजा करा. पहिला आक्षेप तोच येतो.

राष्ट्रीय हरित लवादाची (पर्यावरणाच्या खटल्यांच्या न्यायाधिकरणाची) मुदतही लक्षात ठेवा. पुण्याच्या खंडपीठात लवादाच्या कायद्याच्या १४ व्या कलमाखालचा अर्ज कारण पहिल्यांदा घडल्यापासून ६ महिन्यांत, वर फार तर ६० दिवस. नुकसानभरपाई १५ व्या कलमाखाली ५ वर्षांत. पर्यावरण मंजुरीलाच आव्हान द्यायचं तर ३० दिवस, वर ६०. "आधी सगळीकडे अर्ज करून बघू" यात ही मुदत निघून जाते. मंजुरी नवी असेल तर अपील आधी, बाकी मागून.

डोंगरपायथा:

सगळ्यांचे आभार. माहिती अधिकाराचा अर्ज उद्या टाकतो, काचेच्या पट्ट्या रविवारी लावतो. गावाच्या ठरावाचा मसुदा सध्या एकाच ओळीचा आहे: "दोन्ही खाणी व क्रशर तत्काळ कायमस्वरूपी बंद करावेत." बदलू का?

उचल_आणि_हजेरी:

बदला दादा. असं लिहा: "घरांपासून २०० मीटरच्या आतलं उत्खनन आणि दुय्यम सुरुंग तत्काळ थांबवावेत, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातील अटींची पूर्तता होईपर्यंत क्रशर बंद ठेवावा, बंदच्या काळात खाणीवरील मजूर कुटुंबांना किमान वेतन, पाणी आणि वीज चालू ठेवण्याची जबाबदारी पट्टाधारकावर टाकावी, आणि जुन्या खाणीला १५ दिवसांत कुंपण घालावं." खाली सह्यांमध्ये मजूर वस्तीतल्याही सह्या घ्या, पण त्यांची नावं पहिल्या पानावर नकोत. अर्जाची प्रत त्याच संध्याकाळी मुकादमाकडे पोहोचलेली असते.

वाऱ्याची_दिशा:

आणि क्रशरच्या ओळीत "अटींची पूर्तता" एवढंच न ठेवता अट क्रमांक लिहा. संमतीपत्र हातात आलं की इथे टाका, क्रमांक काढून देते.